घरात घोडे असणाऱ्यांनी इकडे या (आमची बानू, आमचं सरकार आणि रोजची फेरी)

कऱ्हाकाठची

भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. शाळेत हे घोकलं तेव्हा वाटलं नव्हतं की चाळिशीत हे उत्तर रोज सकाळी पावणेसहाला गोठ्याच्या पत्र्यावर खूर आपटून मला उठवेल.

इथं फोरमवर कुत्र्यामांजरांचे धागे पायलीला पन्नास आहेत, घोड्याचा एकही सापडला नाही म्हणून काढतेय. आमचं गाव सासवडच्या अलीकडे. घरात आजी, बाबा (एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर), आई, दादा-वहिनी, मी, लॅपटॉप आणि दोन घोडे. शर्यतीचे नाहीत, टांग्याचे नाहीत, लग्नाला भाड्याने देत नाही. मग कशाला पाळलेत? हा प्रश्न आई गेली तीन वर्षं विचारतेय, तुम्ही विचारू नका.

आधी बानू. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. दरवर्षी कार्तिकात मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत देशावर येतात. त्यांच्यात एक पांढरं तट्टू होतं, म्हणजे शास्त्रात सांगायचं तर सब्जा रंगाची घोडी, उंची सव्वाचार फूट. धनगरांचं तट्टू रस्त्याने जाताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्याच्या पाठीवर अख्खा संसार असतो, वाघरीची जाळी, पातेली, घोंगड्या, पिशवीतून डोकं काढलेलं कालच जन्मलेलं कोकरू, आणि सगळ्यात वर पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या ज्या आपल्याकडे पाटलिणीसारख्या बघत जातात. तर ही घोडी पुढच्या पायाने लंगडत होती, घाट उतरणं तिला झेपणार नव्हतं. बाबांनी ठेवून घेतली. पैसे किती दिले ते आईला आजतागायत सांगितलेलं नाही. धनगराच्या घरची आणि रंगाने पांढरी, म्हणून आजीने बानू नाव ठेवलं. इथून जेजुरी हाकेच्या अंतरावर, दुसरं काय ठेवणार.

पाय महिन्याभरात बरा झाला. मग फिरवायची कोणी, तर बाबांनी. बाबांना घोड्यातलं शून्य ज्ञान, पण तेहतीस वर्षं एसटी. त्यांनी जुन्या बाजारातून तिकिटं पंच करायचा तो चिमटा पैदा केला आणि बानूला शिकवलं की एकदा टक वाजलं की थांबायचं, टक टक वाजलं की निघायचं. सिंगल बेल, डबल बेल. पंधरा दिवसांत शिकली. आता आजीने अडकित्त्याने सुपारी फोडली तरी बानू गोठ्यात दोन पावलं पुढे येते.

सगळं छान चाललं होतं. मग पुढच्या वर्षीचा कार्तिक आला.

रविवार होता, बाबा बानूवर बसून कॅनॉलच्या रस्त्याने फेरीला गेले. समोरून कळप आला, तीन-चारशे मेंढ्या. बानूने कान टवकारले, नाक फुरफुरवलं, अबाऊट टर्न केलं आणि थेट कळपाच्या मागे सामानाच्या दुसऱ्या घोड्याशेजारी जाऊन लागली. ड्युटीवर. बाबा टक करतायत, टक, टक, टक. त्यातल्या दोन टकांत अंतर कमी पडलं की ती डबल बेल समजून आणखी जोरात. कळपातल्या बाईंनी वळून पाहिलं, एक गृहस्थ, डोक्याला टोपी, पायात स्पोर्ट्स शूज, आपल्या बाडबिस्तऱ्याशेजारून घोड्यावर चाललेत. त्या म्हणाल्या, "बसलाच हायसा तर ही कोंबडी धरा की वाईच." बाबांनी धरली.

साडेआठला मला फोन. "मी जरा पुढे आलोय. दादाला टेम्पो घेऊन पाठव." मग मागून बायकामाणसांचे आवाज, चुलीचा धूर फोनमधून यावा इतका खोकला, आणि बाबा म्हणाले, "नको राहू दे, चहा टाकलाय म्हणतायत." दुपारी दोन वाजता परत आले. सोबत मजुरी म्हणून दोन अंडी. आईने ती फोडली नाहीत, देवघरासमोर ठेवून बाबांना दाखवली, "तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर ही कमाई."

आता सरकार. ही दादाची करामत. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथे दादा 'नुसता बघायला' गेला आणि चारेकशे किलोमीटरवरून पिकअपमध्ये घोडा घेऊन आला. मारवाडी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपटी, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी, उंची त्रेसष्ट इंच, कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात, गळ्याखाली देवमणीचा, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा. विकणाऱ्याने त्या एका भोवऱ्याचे वेगळे पैसे लावले असणार. चाल अशी की गावातली म्हातारी माणसं पारावरून उठून उभी राहिली. म्हणून नाव सरकार.

आणि हे सरकार डबक्याला घाबरतं. प्लास्टिकच्या पिशवीला घाबरतं, स्पीडब्रेकरवरच्या पांढऱ्या पट्ट्यांना घाबरतं, शेजारच्यांच्या ज्वारीतल्या बुजगावण्याला तर इतकं की दादाने शेवटी बुजगावण्याला सरकारच्या ओळखीचा आपला जुना शर्ट नेऊन घातला. त्यानंतर सरकार बुजगावण्यापाशी जाऊन गूळ मागतं.

शिवाय बानू पुढे असल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. दादाच्या लग्नात वरात सरकारवरूनच काढायची हा हट्ट, जरीची झूल, गोंडे, मोरपीस, सगळं झालं, सनई सुरू झाली, सरकार पुतळ्यासारखं उभं. शेवटी काय करणार. वरात निघाली ती अशी: सर्वात पुढे बानू, तिच्यावर फेटा बांधलेले वरपिता हातात पंच घेऊन टक टक करतायत, तिच्या शेपटीला नाक लावून सरकार, वर दादा घामाघूम. वरातीमागून घोडं ऐकलंय सगळ्यांनी, वरातीपुढून घोडं आमच्याकडेच. वहिनीकडचे लोक अजून विचारतात की पुढे घोड्यावर तिकिटं कोण फाडत होतं.

तुमच्या घोड्यांचे किस्से टाका. नसतील तर शेजाऱ्यांच्या घोड्याचे टाका.

चिवडा_मारके

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! कोंबडी धरा की वाईच!! ऑफिसात मीटिंग म्यूट नव्हती.

फोटोशिवाय_मान्य_नाही

फोटो कुठेत? बाबा आणि कोंबडीचा असेल तर आधी तो.

कऱ्हाकाठची

कोंबडीसोबतचा फोटो त्या मेंढपाळांच्या मुलाने काढला आणि त्याचं स्टेटस ठेवलं. तिथून तो गावच्या ग्रुपवर. बाबा त्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत, एवढंच सांगते.

दस्तुरीवाला

माथेरानवरून दंडवत. आमच्या तीन पिढ्या घोड्यावर. आमच्याकडे मोटार वर येत नाही, दस्तुरी नाक्याला सगळं थांबतं, पुढे मिनी ट्रेन नाहीतर पाय नाहीतर घोडा. गेल्या काही वर्षांत ई-रिक्षा आल्यात, त्यावर लिहायला बसलो तर धागा वेगळा काढावा लागेल. पर्यटकच नाही, गॅस सिलिंडर, भाजी, सिमेंट सगळं घोड्यावर जातं. त्यामुळे 'घोडे कशाला पाळलेत' हा प्रश्न आमच्या आईने कधी विचारला नाही, ती विचारते 'सून कशाला आणलीस'.

आमच्याकडे घोड्यांना हिरोंची नावं ठेवायची पद्धत आहे. माझ्या घोड्याचं नाव मी सांगत नाही कारण त्या नटाचे चाहते येऊन भांडतील, आपण त्याला हिरो म्हणू. हिरोला कुठल्या पॉइंटला किती मिनिटं थांबायचं हे पाठ आहे. फोटो काढून झाला की तो निघतो, तुम्ही चढलाय का नाही हे त्याचं डिपार्टमेंट नाही. एकदा गिऱ्हाईकाला जायचं होतं इको पॉइंटला, हिरोला जायचं होतं शार्लोट लेकला, कारण तिथे लोक भाजलेलं कणीस खाऊन उरलेलं दांडकं याला देतात. मी लगाम धरून एकीकडे ओढतोय, हा दुसरीकडे, मधल्या मधे ते काका म्हणाले, 'अहो, जिथे तो म्हणेल तिथे चला, घरीही माझं कोण ऐकतं.' लेकला गेलो. पुढच्या वर्षी ते काका परत आले आणि हिरोच पाहिजे म्हणाले.

पण आमचा खरा वैरी माकड. हिरोला तोबरा बांधला की छपरावर दोन माकडं हजर. एक पुढून येऊन दात दाखवतं, हिरो मान वर झटकतो, भिजवलेला हरभरा उडतो, दुसरं माकड खाली वेचायला बसलेलंच असतं. रोजचं नाटक, कलाकार तेच. परवा मी तोबऱ्याला वरून फडकं बांधलं, तर माकड हिरोच्या पाठीवर बसून गाठ सोडत होतं आणि हा गाढवासारखा उभा, वर कान मागे करून, म्हणजे अंग खाजवून घेत होता.

पेठेतला_शंकासुर

लेख चांगला आहे. दोन गोष्टी. एक, शीर्षकात आपण 'घोडे' म्हटलंय, पण सव्वाचार फूट म्हणजे एक्कावन्न इंच. चार इंचांचा एक हात या हिशोबाने १४.२ हात, म्हणजे चौदा हात दोन इंच, एकूण अठ्ठावन्न इंच, त्याच्या खाली ते तट्टू. तेव्हा एक घोडा आणि एक तट्टू असं हवं. दोन, 'सब्जा रंगाची पांढरी' हा घोळ आहे. सब्जा शिंगरू जन्मतः गडद असतं आणि वयानुसार पांढरं होत जातं, कातडी काळीच राहते. जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी असेल तर तो नुकरा.

कऱ्हाकाठची

शंकासुर, मान्य. बानूला वाचून दाखवलं, तिने माझ्या वहीचा कोपरा खाल्ला.

पण तट्टू म्हणून नाक मुरडू नका हं. भीमेच्या खोऱ्यातली ही भीमथडी जात, मराठ्यांच्या फौजा यांच्यावर दौडल्या, आणि आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळालीय. (सरकारी म्हणजे दिल्लीवाल्या. आमच्या सरकारची मान्यता तिला पहिल्या दिवसापासून आहे.)

गोठ्यातली_डॉक्टर

मी जनावरांची डॉक्टर आहे, सरकारच्या बाजूने दोन शब्द बोलते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि बुडाच्या अगदी मागे आंधळी जागा असते. डबकं चार बोटं खोल आहे का विहीर, हे त्याला वरून कळत नाही. त्यात तो पळून जीव वाचवणारा प्राणी, आधी उडी मारायची मग विचार करायचा. बानू पुढून पाण्यातून गेली की त्याला पुरावा मिळतो. तेव्हा तो भित्रा नाही, शंकासुर आहे.

आता डॉक्टर म्हणून. गूळ बेताने. आणि लग्नात, यात्रेत लोक प्रेमाने जिलबी, पुरणपोळी, शिळी भाकरी, जे हाताला लागेल ते चारतात, ते अजिबात चालू देऊ नका. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गडबड झाली की पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. घाम फुटलाय, पोटाकडे वळून बघतोय, परत परत लोळतोय असं दिसलं तर घरगुती काढे करत बसू नका, लगेच डॉक्टरला फोन. हसण्याच्या धाग्यात हे लिहिल्याबद्दल सॉरी, पण गेल्या लग्नसराईत रात्री दोन वाजता अशा तीन ठिकाणी जाऊन आलेय.

कऱ्हाकाठची

सॉरी काय त्यात. आता सगळ्यांसमोर कबूल करते, लग्नात सरकारला मामांनी तीन बुंदीचे लाडू चारले होते. रात्रभर दादा गोठ्यात. नवी नवरी माडीवर एकटी आणि हा खाली लीद कधी पडते याची वाट बघतोय. पहाटे चारला पडली तर याने आनंदाने ओरडून घर जागं केलं. वहिनी खाली आली, लीद बघितली, दादाकडे बघितलं, आणि म्हणाली, "अभिनंदन." त्या दिवशी आम्हाला कळलं की ही बाई या घरात टिकणार.

खरं_बोलतो_राग_नको

तुमचं कौतुक चाललंय ते ठीक, पण वरातीत घोडा हा प्रकारच बंद व्हायला हवा. छातीत धडकी भरवणारा डीजे, तोंडासमोर फटाके, आणि त्या मुक्या जनावराने नाचायचं.

कऱ्हाकाठची

डीजेबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे फक्त सनई-चौघडा होता आणि फटाके आजीने आधीच जप्त केले होते. नाचायचं म्हणाल तर सरकार चालायलाच तयार नव्हतं.

राजकारण_नको_रे

एक शंका. तुमच्या घरी फोनवर काय बोलणं होत असेल? 'सरकार आज जागचं हलत नाही', 'सरकारच्या पायात खडा गेलाय'...

कऱ्हाकाठची

विचारू नका. निवडणुकीच्या धामधुमीत एक उमेदवार घरी आले होते, पांढरे कपडे, मागे दहा माणसं. आजी ओसरीवर. त्यांनी वाकून नमस्कार केला, म्हणाले, "आजी, सरकारबद्दल काय म्हणणं आहे?" आजी कानाने कमी. म्हणाली, "खातंय चिक्कार, काम काडीचं नाही. पण दिसायला देखणं आहे, म्हणून ठेवलंय." ते गृहस्थ दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. सत्ताधारी होते का विरोधी ते सांगत नाही, नाहीतर धागा बंद पडेल.

ऱ्हाइनकाठचा_मावळा

मी जर्मनीत, ड्युसेलडॉर्फजवळ. लेक घोडेस्वारी शिकते, त्यामुळे शनिवार-रविवार आम्हीही लीद उचलायला. इथल्या राज्यात तबेल्याबाहेर रानात फेरीला न्यायचं तर घोड्याला नंबर प्लेट लागते, खरंच, लगामाला छोटी पिवळी पाटी अडकवतात आणि तिच्यावर वर्षाचं स्टिकर. ज्या घोड्यावर ती शिकते तो सभ्य, म्हातारा, सगळ्या गावाला माहीत. पण एका बेकरीसमोरून नेलं की तो थांबतो आणि आतून बाई गाजर घेऊन बाहेर आल्याशिवाय हलत नाही. मागे गाड्यांची रांग लागते. हॉर्न कोणी वाजवत नाही, पण आमच्याकडे सगळे जर्मन नजरेने बघतात, त्यापेक्षा हॉर्न परवडला.

कऱ्हाकाठची

नंबर प्लेट! हे बाबांना सांगायला नको होतं. आत्ताच पत्रा कापून आणलाय. त्यावर 'सासवड–नीरा, मार्गे जेजुरी' लिहायचं का 'राखीव' यावर आईशी वाद चाललाय.

विठूची_रखुमाई

मी दरवर्षी आळंदीहून वारीला असते. दोन वर्षांपूर्वी दिवे घाट चढून सासवडकडे येताना रस्त्याच्या कडेला एक छोटी पांढरी घोडी पाण्याच्या टाकीशेजारी उभी होती आणि एका माउलीच्या डोक्यावरची तुळस... ती तुमची का हो?

कऱ्हाकाठची

अगंबाई. हो. तीच. माफी.

बाकीच्यांसाठी सांगते, पालखी सासवडला दोन रात्री मुक्कामाला असते, आम्ही रस्त्यावर पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभे असतो. त्या वर्षी बाबांनी बानूला पण नेलं, गुलाल-बुक्का लावून. लोक येऊन तिच्या खुराखालची माती कपाळाला लावायला लागले. बाबा घसा फोडून सांगतायत, "अहो, माउलींचे अश्व पुढे गेले, ते अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, ही आमची घरची बानू आहे!" कोण ऐकतंय. बानूला मात्र हे सगळं आपल्या लायकीचंच आहे असं वाटत होतं. मान खाली घालून आशीर्वाद दिल्यासारखं करत होती, आणि तेवढ्यात एक आजी नमस्काराला वाकल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन. बानूच्या तोंडासमोर. एका घासात अर्धी तुळस, मंजिऱ्यांसकट.

माझी आई तर रडायच्या बेतात. त्या आजींनी वृंदावन खाली उतरवलं, उरलेल्या काड्या बघितल्या आणि बानूच्या नाकावर टिचकी मारून म्हणाल्या, "तुळस खाल्लीस ना, आता माळ घाल. मटण बंद तुझं." आम्ही पळत जाऊन अंगणातली तुळस कुंडीसकट आणली, तिच्यातली दोन रोपं लावून दिली. आजी बानूला मागे ठेवून निघाल्या तेव्हा बानू चार पावलं त्यांच्यामागे गेली. भक्ती नव्हे, उरलेली अर्धी.

विठूची_रखुमाई

त्या आजी आमच्याच दिंडीतल्या. वाखरीच्या रिंगणाला घोडे धावायला लागले तेव्हा म्हणत होत्या, यातलं कोणी तुळस नाही खाल्ली, गुणाचे आहेत.

दस्तुरीवाला

जेजुरीला नेली होती का कधी? पांढरी घोडी आणि जेजुरी म्हणजे...

कऱ्हाकाठची

एकदाच. परत नेणार नाही. गडावर नाही हो, खालीच उभी होती. पांढरी घोडी दिसल्यावर लोकांना काय वाटायचं ते वाटलं, येळकोट येळकोट जय मल्हार आणि भंडाऱ्याची मूठ, की दुसरी मूठ, की तिसरी. परत आली ती पिवळी. हळद अशी बसली होती की खरारा केला तर आणखी खोलवर गेली, शिकेकाई झाली, आजीने ताकाने धुतली, शेवटी फिकट लिंबाचा रंग उरला तो पंधरा दिवस. सरकारने तिला ओळखलंच नाही. दोन दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात उभं राहून फुरफुर करत होतं, आणि पुढे ती नाही म्हणून फेरीला निघेना. मग दादाने तिच्या शेपटीला, तेवढीच पांढरी राहिली होती, सरकारचं तोंड लावलं, वास घेतला, आणि गाडं सुरू झालं.

पेठेतला_शंकासुर

शेपटी पांढरी कशी राहिली? भंडारा सगळीकडे उडतो.

कऱ्हाकाठची

शेपटीवर बाबा छत्री धरून उभे होते. का, ते त्यांनाच विचारा. म्हणाले, मागचा बोर्ड स्वच्छ पाहिजे.

चिवडा_मारके

बाबांसाठी वेगळा धागा काढा.

फोटोशिवाय_मान्य_नाही

+१. आणि या कार्तिकाचं काय? कळप येणार असेल ना परत?

कऱ्हाकाठची

त्याच कुटुंबाचा कळप दर वर्षी इकडूनच जातो. त्या बाईंनी नुसती हाक मारली तरी बानू दावं तोडेल अशी ओढते, त्यांच्या पदरात नाक खुपसून उभी राहते, आणि ते गेले की दोन दिवस आमच्याकडे पाठ करून चंदी खाते. पहिल्या वर्षी बाबांना याचं फार वाईट वाटलं होतं. मागच्या वर्षी आम्ही ठरवलं, त्या दिवशी बानूला बांधून ठेवायचं नाही.

आज सकाळी त्यांचा फोन आला, कळप कॅनॉलला लागलाय. बाबांनी साडेपाचलाच दाढी केली, स्पोर्ट्स शूज घातले, थर्मास भरून घेतला. आईने विचारलं, परत कधी येणार. म्हणाले, संध्याकाळपर्यंत, टेम्पो पाठवू नका. खिसा फुगलेला दिसला म्हणून मी हात घातला तर मूठभर बाजरी. म्हटलं हे कशाला?

"कोंबडीला लागते. मागच्या वेळी चुळबुळ करत होती."